अपघाती मृत्यू आणि वारसांचा भरपाईचा हक्क

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आरे-वारेकडील एक भगिनी आमच्या बँकेच्या खिडकीपाशी आल्या. पिशवीत कागदात गुंडाळलेल्या नोटा होत्या, साठ हजार रुपये. “भाऊ, हे पोरांच्या नावावर टाका,” एवढेच त्या म्हणाल्या. पैसे मोजून होईपर्यंत त्यांनी एक कागदही आमच्यापुढे सरकवला. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर टंकलिखित मजकूर होता. पतीच्या अपघाती मृत्यूबाबत आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, मिळालेली रक्कम आम्हाला मान्य आहे, यापुढे आम्ही कोणताही दावा करणार नाही. खाली त्यांची सही आणि दोन साक्षीदार.

त्यांचे पती किनाऱ्यावर शहाळी आणि कोकम सरबत विकत. मे महिन्यातल्या एका रविवारी, पर्यटकांची गर्दी ओसरल्यावर, टपरी आवरून रस्त्याच्या कडेने घरी निघाले असताना मागून आलेल्या मोटारीने त्यांना उडवले. वय ३४. मागे पत्नी, दोन लहान मुले आणि म्हातारी आई. पोलिसांत नोंद झाली होती, गाडीचा नंबरही लागला होता. गणपती झाल्यावर गाडीमालकाच्या वतीने दोघे-तिघे आले, गोड बोलले, पैसे देऊन कागद करून घेऊन गेले.

आम्ही पैसे जमा करून घेतले, पण कागद परत देताना हात अडखळला. सोसायटीच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा हाच विषय घ्यावा असे ठरवले. आम्ही वकील नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून. परंतु न्यायालयाच्या हुकमाने येणाऱ्या भरपाईच्या रकमा गेली अनेक वर्षे आमच्या टेबलावरून जातात, आणि किती घरांतून त्या येतच नाहीत हेही आम्ही पाहतो. सभासद बंधू-भगिनींनी आणि विशेषतः विद्यार्थ्यांनी हा विषय समजून घ्यावा, कारण घरात माणूस गेल्यावर कागद वाचायची जबाबदारी बहुधा शिकणाऱ्या मुलावरच येते.

एक काळ असा होता की माणूस मेला की त्याच्याबरोबर त्याचा दावाही मरे. पाय मोडला तर नुकसान मागता येई, जीव गेला तर नाही, असा इंग्लंडचा जुना विचित्र नियम होता. आगगाड्या धावू लागल्या, माणसे मरू लागली, तेव्हा १८४६ साली तेथे कायदा करून तो बदलला गेला. त्याच धर्तीवर १८५५ साली आपल्याकडे प्राणघातक अपघातांचा कायदा आला. दुसऱ्याच्या चुकीने मृत्यू झाल्यास पत्नी किंवा पती, आईवडील आणि मुले यांच्यासाठी दिवाणी दावा लावता येतो. आजी-आजोबा आणि नातवंडेही त्यात धरली आहेत. भाऊ-बहीण मात्र नाहीत. मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची. मोटार अपघातांसाठी पुढे स्वतंत्र कायदा झाला, त्यात कायदेशीर वारस हा शब्द आहे आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने भावालाही त्याखाली भरपाई मान्य केली. आपल्याकडे थोरल्या भावाच्या कमाईवर धाकट्यांची शिक्षणे होतात, म्हणून हा फरक लक्षात ठेवावा.

या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे: चूक कोणाची? जुलै २०२५ मध्ये आरे-वारेच्या समुद्रात चौघे जण बुडाले. आषाढ-श्रावणातला आपला समुद्र कसा असतो हे किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक आहे. माणूस आपणहून खवळलेल्या पाण्यात उतरला आणि गेला, तर दुःख तेवढेच असते, पण भरपाई मागायला समोर कोणी प्रतिवादी असेलच असे नाही. नुसता मृत्यू पुरत नाही. कोणीतरी आपले कर्तव्य चुकवले आणि त्यामुळे तो झाला, हे दाखवावे लागते.

चूक कधीकधी दिसत नाही, म्हणून ती नसते असे नव्हे. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आपल्या जिल्ह्यातले लोक विसरलेले नाहीत. महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा पूल पुरात कोसळला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी बस, शिवाय एक मोटार वाहून गेली. जयगड म्हणजे आरे-वारेहून किनाऱ्याने पुढे गेले की लागणारेच बंदर. काहींचे मृतदेह कित्येक मैल खाली समुद्रकिनारी लागले, काहींचे सापडलेच नाहीत. यात चालकाचा दोष शोधून काही हाती लागत नाही. प्रश्न पुलाच्या मालकाला विचारायचा असतो.

आणि तो विचारता येतो. दिल्लीच्या चांदणी चौकातले नगरपालिकेचे घंटाघर १९५० साली कोसळून माणसे मेली होती. वारसांनी दावे लावले. बाहेरून धोका दिसत नव्हता, आम्हाला कसे कळणार, असा नगरपालिकेचा बचाव होता. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. इमारत सुमारे ८० वर्षांची, ज्या चुन्यात ती बांधली त्याचे आयुष्य ४०-४५ वर्षांचे. रस्त्याकडेचे बांधकाम आपणहून कोसळते तेव्हा ते कोसळणेच निष्काळजीपणाबद्दल बोलते, आणि खुलासा मालकाने करायचा असतो. सावित्रीच्या पुलाचे वय त्या रात्री ८८ वर्षे होते. रस्त्यावरच्या खड्ड्यांबाबतही मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये असाच धागा पुढे नेला. खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये द्यावेत आणि त्यासाठीच्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असावेत, असा तो आदेश आहे. मुंबई-गोवा महामार्गाने वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या आम्हा कोकणवासीयांना तो फार उशिरा आला असे वाटल्यास नवल नाही.

ज्यांचे शव सापडत नाही त्यांच्या घरी आणखी एक अडचण येते. सात वर्षे माणसाची खबर नसेल तर तो मृत समजावा, असा पुराव्याच्या कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. लोक त्यामुळे सात वर्षे थांबून राहतात. वास्तविक तो माणूस त्या बसमध्ये, त्या होडीत होता, हे तिकीट, सहप्रवासी, फोनची नोंद यांवरून सिद्ध करता आले तर मृत्यू त्याआधीही शाबीत करता येतो.

येथे एक गोष्ट वेगळी करून सांगितली पाहिजे, कारण शिकलेली माणसेही यात गोंधळतात. दुर्घटनेनंतर मंत्री येतात आणि रक्कम जाहीर करतात. ती सानुग्रह मदत. नावातच अनुग्रह आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक जीव गेले. अशा वेळी आपत्ती निवारण निधीतून मिळणारी मदत मृतामागे ठराविक असते. २०१५ पासून ती ४ लाख रुपये आहे. तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत सर्वांचे आभार मानून ती घेतली जाते. भरपाई ही दुसरी गोष्ट. ती मागायची असते चूक करणाऱ्याकडे, न्यायालयात, हिशेबाने. मदत घेतली म्हणून भरपाईचा हक्क सुटत नाही.

आता मोटार अपघाताकडे येऊ, कारण आपल्या घरांवर बहुतेक वेळा तोच प्रसंग येतो.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात रक्कम कशी ठरते याबद्दल लोकांत फार गैरसमज आहेत. न्यायाधीश मनाला येईल तो आकडा देतात असे काहींना वाटते, तर काहींना वकिलाच्या वजनावर अवलंबून असते असे. वास्तविक हा साधा गुणाकार आहे आणि दहावीच्या विद्यार्थ्याला तो करता येईल. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा प्रकरणात आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रणय सेठी प्रकरणात त्याची रीत घालून दिली. त्या भगिनींच्याच घरचे उदाहरण घेऊ. समजा पतीची कमाई महिना १२,००० रुपये सिद्ध झाली. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीसाठी त्यात ४० टक्के मिळवायचे. झाले १६,८००. माणूस जिवंत असता तर स्वतःवरही खर्च करताच, म्हणून अवलंबून असणारे चार असल्यास चौथा हिस्सा वजा. उरले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. आता वयाप्रमाणे गुणक. ३१ ते ३५ या वयाला तो १६ आहे. म्हणजे २४,१९,२००. याशिवाय सहवास हरपल्याबद्दल पत्नी, मुले, आई अशा प्रत्येकाला ४०,०००, अंत्यविधीचे १५,००० आणि मालमत्तेच्या हानीचे १५,०००. या शेवटच्या तीन रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढवाव्यात असेही त्या निकालात आहे. वाढ न धरताही बेरीज २६,०९,२०० होते. वर दावा दाखल केल्यापासूनचे व्याज.

आणि मुद्रांकावर साठ हजार!

आता हाच हिशेब उलट्या बाजूने पाहा. कमाईचा पुरावा नाही म्हणून न्यायाधिकरणाने महिना ८,००० च धरले, तर २४,१९,२०० च्या जागी १६,१२,८०० होतात. महिन्याचे चार हजार सिद्ध न झाल्याने घराचे आठ लाख जातात. आपल्या लोकांचे खरे नुकसान येथे होते. आंब्याच्या बागेत मजुरी करणारा, रिक्षा चालवणारा, मच्छीची पाटी घेऊन फिरणारी, यांच्या हाती पगारपत्रक नसते. कमवतात रोज, पण लिहिलेले काही नसते. त्या भगिनींना आम्ही पहिली गोष्ट हीच विचारली की धंद्याचा काही कागद आहे का? नाही म्हणाल्या. पतसंस्थेत पिग्मी होती का? होती. रोज शंभर रुपये, चार वर्षे, एजंट टपरीवर येऊन घेऊन जाई. पुस्तक घरी पेटीत होते. महिन्याला तीन हजार शिल्लक टाकणारा माणूस आठ हजारांत चार माणसे पोसत नसतो, हे कोणालाही पटेल. पिग्मीचे पुस्तक, शहाळी देणाऱ्या व्यापाऱ्याची वही, ग्रामपंचायतीची पावती, फोनवर आलेल्या पैशांची बँकेतली नोंद, बचतगटाच्या कर्जाचा अर्ज, ज्यावर उत्पन्न लिहिलेले असते, हे सारे पुरावेच आहेत.

कमाई नसलेल्या माणसाचे काय? घरातली बाई गेली तर भरपाई नाही, असे आम्ही प्रत्यक्ष ऐकले आहे, तेही सुशिक्षिताच्या तोंडून. हे साफ चूक. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने जनगणनेवरच बोट ठेवले होते, कारण तिच्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर अनुत्पादक वर्गात बसवले होते. जानेवारी २०२१ च्या निकालात गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरताना भविष्यातली वाढही धरावी असे सांगितले गेले. लावणी, कापणी, काजूच्या बिया, गुरे, सासूसासऱ्यांचे औषधपाणी हे सगळे करणाऱ्या आपल्याकडच्या स्त्रीला गृहिणी म्हणणे हेच अपुरे आहे, पण कायदा निदान तिला शून्य मानत नाही.

विम्याचे पैसे मिळाले तर भरपाईतून कापले जातात का, हाही नेहमीचा प्रश्न. आपल्याच एसटी महामंडळाविरुद्धच्या हेलन रेबेलो प्रकरणात १९९८ साली निकाल झाला की मृताच्या आयुर्विम्याची वा भविष्यनिर्वाह निधीची रक्कम वजा करता येत नाही. तो पैसा त्याने स्वतः हप्ते भरून मिळवलेला असतो. म्हणून मृताची सर्व खाती आधी तपासा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जात असतील तर अपघाती मृत्यूचे २ लाख रुपये त्यातून मिळतात. पासबुकातली ती वीस रुपयांची ओळ कोणी वाचत नाही, आणि वारस कधी मागायला येत नाहीत.

आता त्या मुद्रांकाविषयी. बेदरकारपणे मृत्यू घडवणे हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३०४ अ, आता भारतीय न्याय संहितेचे कलम १०६. तो खाजगी कागदाने मिटत नाही. अज्ञान मुलांचा हक्क आईच्या सहीने, न्यायालयाच्या परवानगीशिवाय, सोडला जात नाही. आणि सज्ञान माणसाने सही केली असली तरी ती कोणत्या परिस्थितीत घेतली, मोबदला वाजवी होता का, हे न्यायाधिकरण पाहू शकते. गंमत अशी की भरपाई बहुधा गाडीमालकाच्या खिशातून जायची नसतेच. त्रयस्थाचा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे, रक्कम विमा कंपनी देते. मालकाला धास्ती पोलिसकेसची असते, आणि त्या धास्तीपोटी विधवेचा सव्वीस लाखांचा दावा साठ हजारांत गुंडाळला जातो.

खरी अडचण मुदतीची. १९९४ पासून मोटार अपघाताच्या दाव्याला मुदतच नव्हती, म्हणून ‘केव्हाही लावू’ असे गावोगाव अजून म्हणतात. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, आणि केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तरी अंतरिम आदेशाच्या भरवशावर घरी बसून राहणे शहाणपणाचे नाही. त्या भगिनी आमच्याकडे आल्या तेव्हा पाच महिने उलटून गेले होते.

दावा कोठे लावायचा, याबाबत कायदा उदार आहे. अपघात पनवेलला झाला तरी वारस रत्नागिरीत राहत असतील तर रत्नागिरीच्या न्यायाधिकरणात लावता येतो. चाकरमान्यांच्या घरच्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का, असे ठाण्यात जाऊन विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. प्रथम खबर, घटनास्थळाचा व मृतदेहाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला आणि गाडीच्या विम्याची प्रत, एवढे एका पिशवीत ठेवावे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी अडू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच प्राधिकरणाचे कार्यालय असते.

चालकाची चूक सिद्ध होणे अवघड असेल तर कलम १६४ खाली चूक न दाखवता ५ लाख रुपये मागता येतात. गाडी ठोकरून पळाली आणि सापडलीच नाही तर शासनाच्या योजनेतून २ लाख, अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे. स्वतःच दुचाकी घसरून मालक-चालक गेला तर मात्र त्रयस्थ विम्यातून काही मिळत नाही. त्यासाठी पॉलिसीत मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असावा लागतो. दुचाकी घेणाऱ्या तरुणांनी तो भाग पॉलिसीत वाचून घ्यावा.

कामावर मृत्यू आला तर वाट निराळी. चिऱ्याच्या खाणीत, मिरकरवाड्याच्या होडीवर, आंबा काढताना झाडावरून पडून माणसे जातात. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेले तत्त्व, जे २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहे, असे की मालकाची चूक दाखवावी लागत नाही, काम करताना मृत्यू झाला एवढे पुरे. अर्ध्या पगाराला वयाच्या गुणकाने गुणतात. तीस वर्षांच्या कामगाराला तो २०७.९८ आहे. काम चालू असताना मोटार अपघात झाला तर दोन्हींपैकी एकच मार्ग धरता येतो.

आणि मृत्यू अपघाताने न होता जातीय अत्याचारातून झाला असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१६ च्या सुधारित नियमांप्रमाणे खुनाच्या प्रकरणी ८ लाख २५ हजार रुपये देय आहेत. निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर. आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबावे लागत नाही. शिवाय पत्नीला निवृत्तिवेतन, मुलांचे शिक्षण, घरातील एकाला नोकरी अशा तरतुदी आहेत. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला, परंतु ऐनवेळी दाखला शोधत बसणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

रक्कम आल्यावर ती टिकते कशी, हे आमच्या टेबलावरचे प्रकरण. भरपाईचा हुकूम झाला की दीर, मामा, ओळखीचे पुढारी सगळेच जवळचे होतात. म्हणून १९९३ साली केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अज्ञान मुलांचे व अशिक्षित वारसांचे पैसे मुदत ठेवीत ठेवावेत आणि न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय ती मोडू नये, तिच्यावर कर्ज देऊ नये. पावतीवर तसा शेरा मारावा लागतो. एकदा असाच एक दीर भावजयीला घेऊन आला आणि ठेव मोडा म्हणून तासभर बसला. आम्ही शेरा दाखवला. तो आमच्यावर चिडला, ती काही बोलली नाही. पुढच्या तिमाहीचे व्याज घ्यायला मात्र ती एकटी आली.

आरे-वारेच्या भगिनींना आम्ही दुसऱ्याच दिवशी न्यायालयात पाठवले. प्राधिकरणाने वकील दिला. साठ हजार मिळाल्याचे अर्जात लपवू नका, सरळ लिहा, असे वकिलांनी सांगितले आणि तसेच लिहिले गेले. सहा महिने पुरे व्हायला नऊ दिवस असताना दावा दाखल झाला. मुलांच्या नावची ठेव आमच्या शाखेत आहे तशीच आहे. विमा कंपनीचे म्हणणे आले आहे. शहाळी विकून एवढी कमाई होत नाही असे त्यांचे म्हणणे आहे. पुढच्या तारखेला पिग्मी एजंटची साक्ष व्हायची आहे.